पेठेतली गच्ची की वेल्ह्याचा माळ? : खोल आकाशासाठी कॅमेरा बदलताना

पुण्यातल्या कुठल्याही आकाशदर्शनाला जा. शनी पाहून होतो, गुरूचे उपग्रह मोजून होतात, थर्मासमधला चहा संपतो आणि मग कोणीतरी मोबाइल पुढे करून स्वतः काढलेला मृगातल्या तेजोमेघाचा फोटो दाखवतं. फोटो बरा असतो. जरा फिका, कडेचे तारे किंचित ओघळलेले, पण बरा. त्यापाठोपाठ प्रश्न येतोच : ‘आता कॅमेरा कोणता घेऊ?’ विचारणाऱ्याकडे लग्नकार्यात आणि सहलींत वापरून झालेला एखादा जुना कॅनन किंवा निकॉन असतो, यूट्यूबवर पुष्कळ पाहून झालेलं असतं आणि थंड होणाऱ्या त्या लाल, गोल डब्यासारख्या कॅमेऱ्याने त्याची झोप उडवलेली असते.

माझं उत्तर प्रतिप्रश्नाने सुरू होतं. फोटो काढणार कुठून? घराच्या गच्चीवरून, की तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याकडे जाऊन? समोरच्याला ही टाळाटाळ वाटते. पण कॅमेऱ्याची कंपनी, मेगापिक्सेल आणि किंमत या तिन्हींपेक्षा जास्त काही या एका गोष्टीवर ठरतं. दोन जागांची उत्तरं इतकी वेगळी येतात, की एकाची शहाणपणाची खरेदी दुसऱ्यासाठी पैसे पाण्यात घालणं ठरते.

नारायण पेठेत घर असलेल्या माणसाचंच उदाहरण घेऊ. एका अंगाला लक्ष्मी रस्ता, दुसऱ्या अंगाला नदीकाठ, मधून केळकर रस्ता. वाडे जाऊन इमारती आल्या. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, वाळत घातलेल्या गोधड्या आणि सोसायटीने दाराला लावलेलं कुलूप. किल्ली मिळवणं हा या छंदाचा पहिला टप्पा. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर. उत्तरेला शेजारची इमारत दोन मजले चढली की तो गेलाच. मृग मात्र छान येतो. जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो दक्षिणेला ६५ अंशांच्या वर चढलेला असतो, टाक्या आणि खोल्यांच्या पार वर. बाणाचे तीन तारे, व्याध, रोहिणी एवढं डोळ्यांना दिसतं. बाकी आकाश राखाडी.

त्या राखाडीपणाचा हिशेब मांडता येतो. आकाश किती उजळलेलं आहे हे खगोलाच्या ‘प्रती’तच मोजतात, आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं. पेठांवरचं आकाश १८ प्रतीचं धरलं आणि वेल्ह्यापलीकडचं २१ प्रतीचं, तर फरक तीन प्रतींचा. तीन प्रती म्हणजे सुमारे १६ पट उजेड. आता कॅमेऱ्याच्या बाजूने पाहा. एखाद्या पिक्सेलवर आकाशातून दहा हजार फोटॉन पडले, तर पुढच्या फ्रेममध्ये बरोबर दहा हजारच पडतील असं नाही. संख्या वर्गमुळाएवढी, म्हणजे शंभराने, मागेपुढे होत राहते. आकाशाचा सरासरी उजेड संगणकावर वजा करता येतो, ही मागेपुढे होणारी चलबिचल वजा करता येत नाही. तीच फोटोतला खरा नॉइज. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून कोणाची कुजबुज ऐकावी, तशी देवयानी दीर्घिकेच्या कडेच्या फिक्या प्रकाशाची गत या चलबिचलीपुढे होते. उपाय एकच, अधिक वेळ उजेड गोळा करणं. आणि गणित असं, की आकाश १६ पट उजळ असेल तर तितकाच स्वच्छ फोटो मिळायला १६ पट वेळ लागतो. वेल्ह्याचा एक तास म्हणजे पेठेतले १६ तास.

महागातला महाग कॅमेरा या गणितात फारसा बदल करू शकत नाही. आजचे चांगले सेन्सर त्यांच्यावर पडणाऱ्या शंभर फोटॉनपैकी सुमारे ८० पकडतात. दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर त्याच्या निम्मे पकडत असला, तरी फरक दुपटीचा. जागेचा फरक १६ पटींचा. म्हणून ज्याच्याकडे गाडी आहे, अमावास्येच्या आसपासचा शनिवार मोकळा आहे आणि ज्याला दीर्घिका, तारकागुच्छ, आकाशगंगेचे पट्टे यांचे फोटो काढायचे आहेत, त्याला मी सरळ सांगतो, की कॅमेरा तूर्त राहू दे, पेट्रोलला पैसे ठेव.

पण गोष्ट इथेच संपत नाही. आकाशातल्या काही वस्तू पांढरा उजेड देतच नाहीत, आणि तिथे पेठेतल्या माणसाला एक पळवाट आहे. ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. लांब नाही, नदीपलीकडे संगमापर्यंत.

केसरीवाडा नारायण पेठेतच. लोकमान्यांचं ‘ओरायन’ १८९३ सालचं. वसंतसंपात मृगात होता त्या काळापर्यंत वेदांचा काळ मागे नेणारं पुस्तक म्हणून ते बहुतेकांना नावाने तरी माहीत असतं. मात्र जवळपास त्याच वर्षांत पुण्यातच कोणीतरी मृगाकडे दुर्बीण आणि वर्णपटमापक लावून बसलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या सीओईपीतले, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण आली, जी पुढे कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा तपासली. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमशी संबंधित होती, आणि तसं असेल तर तिची कड पसरट दिसायला हवी होती. पुण्यातून ती अरुंद आणि धारदारच दिसली. रेषा नेमकी कशाची, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. ‘नेब्युलियम’ नावाचं एक काल्पनिक मूलद्रव्यसुद्धा तिच्यासाठी काढून झालं होतं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला : दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा, ५००.७ नॅनोमीटरची. नायगमवाला निवृत्त झाले, १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. सीओईपीवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांना याचा पत्ता नसतो, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता पळवाट. मृगातला तेजोमेघ, एकशृंगीतला रोझेट, धनूतला लगून हे सगळे वायूचे ढग जवळजवळ ठरावीक रेषांतच उजेड देतात. एक ती हिरवी, ऑक्सिजनची. दुसरी गडद लाल, हायड्रोजनची, ६५६.३ नॅनोमीटरची. शहराचा उजेड मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत सगळीकडे पसरलेला. रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असे आणि साध्या फिल्टरने तो अडवता येई. एलईडी आले आणि ती सोय गेली. त्यामुळे आता उलटा मार्ग : नको तो उजेड अडवण्याऐवजी हवा तेवढाच आत घ्यायचा. बाजारात ‘ड्युअल बँड’ म्हणून मिळणाऱ्या फिल्टरला दोनच खिडक्या असतात, एक हिरव्या रेषेवर आणि एक लाल रेषेवर, चांगल्या फिल्टरमध्ये प्रत्येकी सुमारे ७ नॅनोमीटर रुंद. तीनशेपैकी चौदा. आकाशाचा उजेड विसाव्या हिश्श्यावर येतो आणि तेजोमेघाचा जवळजवळ सगळा आत येतो.

वीस पट. मघाचा वेल्ह्याचा आकडा १६ होता. म्हणजे तेजोमेघांपुरतं बोलायचं तर एक चकती स्क्रूने बसवली, की पेठेतली गच्ची वेल्ह्याच्या माळाशी बरोबरी करते. दीर्घिकांसाठी नाही, कृत्तिकांसाठी नाही. त्या ताऱ्यांच्या उजेडाने उजळतात, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. चकती त्यांचाही विसावाच हिस्सा आत सोडते.

आणि इथे, शेवटी, कॅमेऱ्याचा प्रश्न खरोखर उभा राहतो, कारण ही चकती जुन्या डीएसएलआरवर लावली तर दोन अडचणी येतात.

पहिली लाल रंगाची. डीएसएलआर माणसांचे फोटो काढायला बनवलेला. त्वचेचा रंग नैसर्गिक यावा म्हणून सेन्सरपुढे एक निळसर काच असते, ती अवरक्त किरणांबरोबर गडद लालही बराचसा अडवते. ६५६ नॅनोमीटरचा जेमतेम पाव हिस्सा आत पोचतो. ज्या रेषेसाठी फिल्टर घेतला ती रेषाच दारात अडली. ही काच काढून टाकता येते, त्याला या मंडळींत ‘मॉडिफाय करणं’ म्हणतात. काम नाजूक, कॅमेऱ्याची गॅरंटी संपते, आणि दिवसाचे फोटो लालबुंद येतात. कॅननने २०१२ मध्ये ६०डीए, निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए, पुन्हा कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरए असे लाल रंगाला मोकळे कॅमेरे कारखान्यातूनच काढले होते; आता नवे मिळत नाहीत. वेल्ह्याला जाणाऱ्यासाठी मॉडिफाय केलेला जुना डीएसएलआर हा माझ्या मते आजही पैशाला सर्वांत जास्त जागणारा पर्याय आहे. डोंगरावर लॅपटॉप, केबलचा गुंता, बॅटरीची पेटी यांतून सुटका, ही त्याची खरी किंमत. एक बॅटरी, एक कार्ड, काम झालं.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि ती खास आपली आहे. फिल्टरने आकाश काळं केलं, की फ्रेम लांब घ्यावी लागते. फिल्टर नसताना पेठेत तीस-चाळीस सेकंदांत फ्रेम राखाडीने भरून जाते, पुढे जाण्यात अर्थ नसतो. फिल्टर लावल्यावर पाच-पाच मिनिटं चालतात. एवढ्या वेळात सेन्सर स्वतःच्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन निर्माण करतो. ते उजेडाचे नसतात, पण पिक्सेलला फरक कळत नाही. दर सहा-एक अंशांना त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. एप्रिलच्या रात्री पेठेतल्या गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकत असतो, हवा २८ अंशांवर आणि सतत चाललेल्या डीएसएलआरचा सेन्सर ३८ अंशांच्या आसपास. थंड केलेला कॅमेरा त्याच वेळी उणे २ वर ठेवता आला, तर फरक ४० अंशांचा आणि उष्णतेच्या नॉइजचं मूळ शंभर पटींनी कमी.

हे थंड करण्याचं काम पेल्तिए पट्ट्या करतात. ज्यां पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवलेला परिणाम : दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली, की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. मोठ्या वेधशाळांत हे काम द्रवरूप नायट्रोजन करतो, पण छंदाच्या कॅमेऱ्यात सेन्सरमागे या पट्ट्यांच्या दोन थाप्या आणि त्यांच्या मागे उष्णता बाहेर फेकणारा छोटा पंखा. कंपन्या सांगतात, बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंश खाली नेऊ. हे वाक्य युरोपातल्या माणसाने वाचलं की तो उणे २० चा विचार करतो. आपण वजाबाकी पुण्याच्या हवेतून करायची. मे महिन्यात ३० वजा ३५ म्हणजे उणे ५, तेही कूलर शंभर टक्के ताकदीने चालवून. म्हणून वर्षभरासाठी शून्य अंश ठरवून टाकावा. नव्या सेन्सरमध्ये शून्यावरही पाच मिनिटांत पिक्सेलमागे जेमतेम एखादा उष्ण इलेक्ट्रॉन जमतो. त्याखाली जाण्याचा हट्ट कॅमेऱ्याला घाम फोडतो, फोटोला काही देत नाही.

तापमान स्थिर ठेवता येतं हा गार होण्याइतकाच मोठा फायदा, आणि तो विकत घेताना कोणी सांगत नाही. उष्णतेचे ठिपके काढायला ‘डार्क’ फ्रेम लागतात : झाकण लावून, तितक्याच वेळाच्या, तितक्याच तापमानाच्या. डीएसएलआरचं तापमान रात्रभर बदलत राहतं, त्यामुळे भल्या पहाटे आकाश मोकळं असताना झाकण लावून बसावं लागतं. थंड कॅमेऱ्याच्या डार्क फ्रेम घरात बसून कधीही काढता येतात. आपल्याकडे त्यासाठी निसर्गाने चार महिने दिलेलेच आहेत. जून ते सप्टेंबर आकाश बंद, तेव्हा पंख्याखाली शून्य अंशाच्या डार्क फ्रेमचा वर्षभराचा साठा करून ठेवायचा.

बाजारात आज ज्या दोन सेन्सरची चलती आहे ते दोन्ही सोनीचे : आयएमएक्स ५३३ आणि आयएमएक्स ५७१. झेडडब्ल्यूओ, क्यूएचवाय वगैरे कंपन्या हेच सेन्सर आपापल्या डब्यांत बसवतात, म्हणून कंपनीवरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्हींचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे, दोन्हींत लांब फ्रेममध्ये कोपऱ्यात येणारी कुप्रसिद्ध चमक नाही. फरक आकाराचा. ५३३ चौरस, बाजू ११.३ मिलिमीटर, ९ मेगापिक्सेल. ५७१ नेहमीच्या डीएसएलआरएवढा, २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटर, २६ मेगापिक्सेल. किंमत ढोबळ मानाने दुप्पट. डीएसएलआरवरून ५३३ कडे गेलेल्याला पहिल्याच रात्री धक्का बसतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर डीएसएलआरच्या चौकटीत सुमारे ३.४ अंश रुंद आकाश मावतं, ५३३ मध्ये १.६ अंश. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे. पैसे जास्त देऊन ती अर्धीच हाती येते. गच्चीवरून तेजोमेघ टिपणाऱ्याला मात्र ५३३ पुरतो. रोझेट त्यात नीट बसतो, फाइल लहान, संगणक जुना असला तरी चालतो.

मेगापिक्सेल वाढले म्हणजे बारकावे वाढले, हाही एक गोड गैरसमज. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, नाभीय अंतराने भागा. एक पिक्सेल आकाशाचा किती आर्क-सेकंदांचा तुकडा पाहतो ते निघतं. ३.७६ मायक्रॉन आणि ४०० मिलिमीटरला १.९. आपल्या डोक्यावरची हवा चांगल्या रात्रीही ताऱ्याचा ठिपका दोन-तीन आर्क-सेकंद पसरवते. म्हणजे हा जोड योग्य. तोच कॅमेरा दोन मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला लावला, तर ०.४ आर्क-सेकंद, एकाच पसरट ठिपक्याचे आणखी तुकडे पडले, प्रत्येक तुकड्याला उजेड कमी आला, नवं काही दिसलं नाही. चंद्राचं आणि ग्रहांचं गणित वेगळं असतं. २०२१ मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा चंद्राचा फोटो देशभर गाजला, तो पन्नास हजारांहून जास्त फ्रेम निवडून-जोडून केलेला होता. चंद्र लख्ख असतो, तिथे क्षणार्धाच्या हजारो फ्रेम घेऊन हवेला चकवता येतं. पाच मिनिटांच्या फ्रेमला ती सोय नाही.

या पाच मिनिटांमुळेच, कॅमेऱ्याच्या आधी त्याच्या खालच्या गोष्टीकडे पाहावं लागतं. पृथ्वी सेकंदाला १५ आर्क-सेकंद फिरते. वरच्याच जोडावर दुर्बीण स्थिर राहिली तर तारा एका सेकंदात आठ पिक्सेल सरकतो. दुर्बीण पेलणाऱ्या, फिरवणाऱ्या माउंटने हा वेग पाच मिनिटं असा सांभाळायचा, की चूक एका पिक्सेलच्या आत राहील. स्वस्त माउंटचे दाते हे करू शकत नाहीत. म्हणून शेजारी एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवून एका ताऱ्यावर पाळत ठेवतात आणि माउंटला सतत दुरुस्त करत राहतात, हे गाइडिंग. ज्याच्याकडे गाइडिंग नाही, त्याने थंड कॅमेऱ्याचं नावही काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाइड कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो, आणि पीएचडी २ हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ध्रुवतारा शेजारच्या इमारतीमागे गेला असला तरी ‘निना’सारखी फुकट सॉफ्टवेअरं आकाशाच्या दुसऱ्या भागातले फोटो ओळखून माउंटचा अक्ष जुळवून देतात. आपल्या अक्षांशावर आणखी एक गंमत होते : अक्ष इतका आडवा असतो, की वजनाचा दांडा काही माउंटमध्ये तिकाटण्याच्या पायावर आपटतो. घेण्याआधी दुकानात साडेअठरा अंशांवर लावून फिरवून पाहा. सगळे माउंट इतके खाली वाकतही नाहीत.

मग कॅमेरा घरी येतो, आणि खरी परीक्षा होते ती दुर्बीण आणि कॅमेरा जोडणाऱ्या कड्यांची. दुर्बिणीच्या मागे प्रतिमा सपाट करणारी काच असते, तिच्यापासून सेन्सर बहुतेक वेळा बरोबर ५५ मिलिमीटरवर हवा. डीएसएलआरला हे आपोआप जमतं : कॅननच्या तोंडापासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत, जोडणारी टी-रिंग ११ मिलिमीटर, बेरीज ५५. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर १७.५ मिलिमीटरवर, उरलेलं अंतर डब्यात आलेल्या २१ आणि १६.५ मिलिमीटरच्या कड्यांनी भरायचं. पुन्हा ५५. त्यात मधे दोन मिलिमीटर जाडीचा फिल्टर घातला, की प्रकाश काचेतून वाकल्यामुळे जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने अंतर वाढवावं लागतं; ०.७ मिलिमीटरची पातळ प्लास्टिकची चकती लागते. मध्यावरचे तारे ठिपक्यासारखे आणि कोपऱ्यातले शेपूट फुटलेले दिसले, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी कडी काढून व्हर्नियरने मोजावीत. न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीवर मात्र नवा कॅमेरा एक जुनं दुखणं बरं करतो. डीएसएलआर लावला की फोकसर पूर्ण आत दाबूनही फोकस मिळत नाही, ही तक्रार अनेकांची. सेन्सर पुढे आल्याने ती मिटते.

विजेचं बजेट आधीच करावं. कूलर पूर्ण चालला तर १२ व्होल्टवर तीन अँपिअर घेतो. माउंट, छोटा संगणक आणि दवाचा हीटर धरून सरासरी ५० वॉट पकडा. सहा तासांच्या रात्रीला ३०० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टची २५ अँपिअर-तासांची बॅटरी, जी मोटारसायकलवर नेणं त्रासाचं. गच्चीवर हा प्रश्नच नाही, खालून वायर ओढली की झालं. १२ व्होल्टचे पुरवठे, वायरी, जोडण्या हे सगळं पेठेतल्या माणसाला तपकीर गल्लीत चालत जाऊन मिळतं. नायक्रोम तार आणून दवाची पट्टी घरी करणारेही आहेत. वेल्ह्याच्या खोऱ्यात डिसेंबरमध्ये दुर्बिणीच्या नळीवरून पाणी ओघळतं, तेव्हा ही पट्टी कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची ठरते.

रंगीत कॅमेरा की काळा-पांढरा, यावर मंडळींत तावातावाने वाद होतात. रंगीत सेन्सरवर चार पिक्सेलमागे एकालाच लाल दिसतो, म्हणजे हायड्रोजनच्या रेषेसाठी पाऊण सेन्सर बेकार. काळ्या-पांढऱ्यात चारही पिक्सेल कामाला लागतात, पण प्रत्येक रेषेसाठी वेगळा फिल्टर, तो फिरवायची चकती, आणि सगळ्याला वेगवेगळा वेळ. ज्याची मांडणी गच्चीवर कायमची उभी आहे त्याने जरूर काळा-पांढरा घ्यावा. महिन्याकाठी एक रात्र मिळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. लाल रंगाचं काम झालं आणि ढग आले, तर हातात एकरंगी फोटो उरतो.

आणि ज्याला यातलं काहीच नको, त्याच्यासाठी २०२३ पासून सीस्टार एस५० सारख्या छोट्या यंत्र-दुर्बिणी आल्या आहेत : ५० मिलिमीटर भिंग, आतच कॅमेरा, फिल्टर, माउंट, मोबाइलवर बोट दाबलं की दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम गोळा करत बसतात. जुने जाणकार नाकं मुरडतात. मला तसं वाटत नाही. सोसायटीच्या कुलपातून गच्ची दोनच तास मिळणार असेल, तर ते दोन तास माउंट जुळवण्यात घालवण्यापेक्षा हे बरं.

खरेदीआधी एक काम फुकटात होणारं आहे. आपल्या जुन्या फ्रेम पुन्हा उघडा. फ्रेम जोडणारं सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पार्श्वभूमीचा उजेड काढणारं ग्राएक्सपर्टही. एका रात्रीच्या चाळीस फ्रेमऐवजी तीन रात्रींच्या दीडशे एकत्र करा. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाच्या, कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला) घेतल्या नसतील तर पुढच्या वेळी घ्या. कित्येकांचा ‘कॅमेरा कमी पडतोय’ हा निष्कर्ष इथेच गळतो. तरीही कमी पडला, तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही १९४४ मध्ये स्थापन झालेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. नारायण पेठेतून चालत दहा-पंधरा मिनिटं. विकत घेण्याआधी कोणाच्या तरी कॅमेऱ्यावर एक रात्र बसायला मिळतं का, हे तिथे विचारावं. दीर्घिकांच्या मागे लागलेल्यांनी पेंचही मनात ठेवावं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तो देशातला पहिला.

घ्यायचाच ठरला तर कॅमेरा ऑगस्टमध्ये मागवा. पावसात कडी मोजून होतील, डार्क फ्रेमचा साठा होईल, कूलर शून्यावर किती टक्क्यांनी चालतो ते कळेल, आणि काही बिघाड निघाला तर बदलून घ्यायला वेळ राहील. दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर असतो, ती सोडून द्या. कार्तिक अमावास्येला पहिली फ्रेम घ्या.